पोताऱ्याखालची पावडर

गोठ्यात म्हशीच्या मागं वाकून, तोंडात रबरी नळी धरून मी डास ओढत होते आणि आमच्या आळीतल्या बायका कुडावरून पाहत उभ्या होत्या. एक म्हणाली, "इतकी वरसं शाळा शिकून हेच शिकली का वं ही?" दुसरी म्हणाली, "हळू बोल माय, डास उडून जातीन तिचे." माझ्या तोंडात नळी होती, म्हणून त्या दोघी वाचल्या. एरवी मी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हते, अजूनही नाही.

नळीचं काम सोपं असतं. पुढं काचेची नळी, मागं रबराची, मध्ये मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा. भिंतीवर बसलेल्या डासावर काच धरायची, श्वास ओढायचा, डास काचेत येतो. मधला तुकडा नीट बसवला नसेल तर तो पोटात जातो. माझ्या पोटात असे दोन गेले आहेत. त्याची नोंद मी वहीत केली नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी विद्यापीठात प्राणिशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी होते आणि माझा विषय होता हिवताप. घर देऊळघाटचं, भाजीवाल्यांचं. बा वांगी, मेथी, कोथिंबीर बैलगाडीत घालून बुलढाण्याच्या बाजाराला न्यायचा. हिवतापाची आणि माझी ओळख पुस्तकातली नव्हती. लहानपणी पावसाळा सरत आला की आमच्या घरात एका वेळी तिघं-चौघं गोधडीखाली कुडकुडत पडलेले असायचे. माझ्या पोटात डाव्या बाजूला पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती. शाळेच्या तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी ती बोटांनी दाबून सगळ्या वर्गाला दाखवली होती. मला भयंकर राग आला होता, डॉक्टरांचा थोडा आणि तापाचा फार. तो राग मी पुढं जपून वापरला.

माझे मार्गदर्शक सर मूळचे पुण्याचे. "तुमचं ते वऱ्हाडी 'काऊन' प्रबंधात येऊ देऊ नका," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण माणूस कामाचा पक्का होता. त्यांनी मला एक सरळ प्रश्न दिला. सरकारी टोळ्या गावोगाव घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारतात. डास रक्त पिऊन जड झाला की जवळच्या भिंतीवर टेकतो आणि तिथल्या पावडरीनं मरतो. तरीही काही गावांत ताप पुन्हा का येतो? ती भिंत खरंच डास मारते का, हे कुणीतरी भिंतीपाशी जाऊन पाहायला हवं होतं. "तुम्ही बाई आहात. लोक तुम्हाला स्वयंपाकघरापर्यंत येऊ देतील," सर म्हणाले. मला गाव निवडायला सांगितलं, आणि मी माझंच निवडलं.

भाद्रपदात फवारणीची टोळी गावात आली तेव्हा मी मुद्दाम हजर होते. टोळीचा मुकादम धामणगाव बढ्याचा होता. उंच, वाळका, डोक्याला पांढरा रुमाल, वय चाळिशीच्या पुढं. तो हंगामी नोकर होता. कित्येक वर्षं हंगाम आला की बोलावणं यायचं आणि हंगाम संपला की घरी. त्या वर्षी मात्र दिवाळीनंतर काही लोकांना कायम करण्याची यादी लागणार होती आणि त्यात त्याचं नाव घातलं होतं. हे त्यानंच सांगितलं, आमच्या ओसरीवर चहा पिताना, आणि सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं. पावडर तो स्वतः मोजायचा. मापटं भरायचा, वरचा ढीग बोटानं सपाट करायचा, मग बादलीत टाकायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. मी ते उभं राहून पाहिलं, वहीत लिहिलं, आणि विद्यापीठात परत गेले.

दसरा झाल्यावर मी आले ती सामान घेऊन. नरसाळ्याच्या आकाराच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या टोप्या, कागदी पेले, ओल्या टॉवेलात गुंडाळलेले जाळीचे पिंजरे. गोठ्यातले डास पकडायचे, टोपीत घालायचे आणि टोपी अर्धा तास फवारलेल्या भिंतीला लावून ठेवायची. मग त्यांना पेल्यात काढायचं, साखरेच्या पाण्याचा बोळा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी मेलेले मोजायचे. पडताळ्यासाठी काही डास शाळेच्या पाटीवर ठेवायचे. पाटीवर कुणी फवारत नाही, तेव्हा तिथले जगायला हवेत.

पाटीवरचे जगले. आणि घरांच्या भिंतींवरचेही जगले. दुसऱ्या दिवशी पेल्यात टुणटुणीत उडत होते. मी चार घरं पाहिली, मग आणखी चार. तेच. गोठ्यांच्या भिंतींवर मात्र डास पटापट मरत होते. टोळी तीच, पावडर तीच, दिवस तोच, आणि गोठ्यात मरण, घरात जीवदान. मी दोन दिवस डोकं धरून बसले.

आई त्या दिवसांत कुरकुरत होती, "यंदाही भिंत धरूनच नाही राह्यली. पापुद्रे सुटून राह्यले." मी तिला म्हटलं, "माय, मले काम करू दे." मला वाटलं, मी मोठ्या प्रश्नाशी झुंजते आहे आणि हिचं भिंतीचं चाललंय.

मग मला उत्तर सापडलं. निदान तसं वाटलं. गावात कुजबुज होती की फवारणीची पावडर शेतकऱ्यांना मिळते आणि एकाच्या वांग्याला त्या वर्षी कीड म्हणून नाही. मी मनात जुळवलं. गोठ्यात टोळीला कुणी हटकत नाही, मालक तिथं उभा असतो, म्हणून तिथं पुरी पावडर. घरात बायका घाई करतात, भांडी उचला, गाद्या उचला, म्हणून तिथं पांढरं पाणी मारून मोकळे. उरलेली पावडर वांग्याला. मापटं सपाट करणं म्हणजे मला दाखवायचं नाटक. इतकं चोख जुळलं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मी सरांना पत्र लिहिलं, सुवाच्य अक्षरात, मुकादमाच्या कामाबद्दल स्पष्ट संशय व्यक्त करून. सरांनी ते वरच्या कचेरीला पाठवलं. एरवी तक्रारीला जागचं हलायला वर्ष लागतं. माझी तक्रार चार दिवसांत हलली.

एका दुपारी मुकादम आमच्या ओसरीवर येऊन उभा राहिला. चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवलं होतं. यादीतलं नाव थांबवलं होतं.

"बाई, तुम्ही लिहिलं का?"

"हो." त्याच्याशी मी विद्यापीठाची भाषा बोलत होते.

"म्या मापटं बोटानं सपाट केल्लं, ते तुम्ही इथिसा उभं राहून पाह्यलं होतं ना?"

"पाहिलं होतं. पण मग घरातले डास मरत का नाहीत?"

"ते मले काय मालूम. म्या काही डासाचा मास्तर नाही." त्याचा आवाज चढला नाही. "मले इतकंच मालूम हाय का म्या चोर नाही. तुम्ही शिकलेल्या आहा. तुम्हीच दाखवा मंग, पावडर गेली कुठं."

आईनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. त्यानं तांब्याला नमस्कार केला, पाणी प्यायला नाही, आणि गेला. आईनं तांब्या उचलला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्याच्या पोटावर पाय देल्ला तुनं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं बोलायचं नाही का मग? गरीब म्हणून चोरी सोडून द्यायची? मी तरातरा आत गेले आणि खांद्यावरची पिशवी भिंतीतल्या खुंटीला अशी आदळली की खुंटी निघून हातात आली. तिच्याबरोबर तळहाताएवढा मातीचा पापुद्रा निघाला आणि माझ्या उघड्या वहीवर पडला.

पापुद्रा पालथा पडला होता. बाहेरून भिंत पिवळी होती, शेणमातीची, गुळगुळीत. पापुद्र्याची आतली बाजू पांढरी होती. मी वास घेतला. फवारणीच्या पावडरीचा तो वास मला झोपेतही ओळखता आला असता. मी खुंटीच्या भोकात टॉर्च धरला. आत मातीचे थर दिसत होते, भाकरीच्या पापुद्र्यांसारखे. पिवळा, मग पांढरा, मग पिवळा, मग पांढरा. गावात जितक्या वर्षांची फवारणी, तितक्या पांढऱ्या रेघा तिथं गाडलेल्या होत्या.

"माय, भिंती कधी पोतारल्या?"

"घट बसाच्या आधी. दरवरसी पोतारते तशा."

"फवारणी झाल्यावर?"

"मंग काय आधी?" आई दारात आली. "ते लोक भिंती घाण करून जातात. डाग पडतात, वास येते. तशा भिंतीत देवीले बसवाचं का? साऱ्या गावात पोतारतात. अन् तुले काऊन मालूम राहीन वं? सारवाचं म्हटलं का तू पुस्तक घेऊन वावरात पळे."

"अन् गोठा?"

"घटाले गोठा कोन पोतारते?"

पिवळी माती आणि शेण कालवून, ओल्या फडक्यानं भिंतीला लेप देणं, हे आमच्याकडं पोतारणं. मी या घरात जन्मले, वाढले, आणि हे मला दिसलं नाही. दिसलं नाही असंही नाही. मला ते बायकांचं काम वाटायचं, ज्यातून मी मोठ्या मुश्किलीनं सुटले होते, आणि सुटलेल्या गोष्टीकडं मी पुन्हा पाहायला तयार नव्हते. परक्या गावची एखादी मुलगी असती तर तिनं पहिल्याच दिवशी विचारलं असतं की या भिंती इतक्या नव्या कशा. मी विचारलं नाही, कारण मला सगळं ठाऊक होतं. आणि त्या ठाऊक असण्यापायी एका सरळ माणसाला मी चोर ठरवलं. मला इतकी लाज वाटली की त्या रात्री मी जेवले नाही, आणि आईनं एकदाही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघाले, गाड्या बदलत धामणगाव बढ्याला गेले. मुकादम दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत होता. कमरेला ओटी बांधलेली, तशीच ठेवून तो बांधापर्यंत आला. मी त्याला पापुद्रा दाखवला, सगळं सांगितलं आणि म्हणाले, "माझी चूक झाली, मुकादम. मला माफ करा."

त्यानं पापुद्रा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. पांढऱ्या बाजूवर बोट फिरवलं. "म्हणजे हाय ना पावडर," तो म्हणाला. मग तो मला परत देत म्हणाला, "मले सांगून काय होते, बाई? ज्याईले लिहिलं त्याईले सांगा."

मी सरांना लिहिलं. त्यांचं उत्तर उलट टपाली आलं आणि ते गोड नव्हतं. स्वतःच्या घरातल्या एका भिंतीवरून मी आठ घरांचा निष्कर्ष कसा मागं घेते, असं त्यांनी विचारलं होतं. पापुद्र्याखाली पांढरं दिसलं म्हणजे ते डास मारण्याइतकं आहे हे कशावरून? आधी मी घाईनं एक ठरवलं, आता दयेपोटी घाईनं दुसरं ठरवते आहे. पुरावा आणा, नाहीतर गप्प बसा. पत्र वाचून मी दात-ओठ खाल्ले, पण माणूस शब्दन् शब्द खरं बोलत होता.

पुरावा काय लागेल ते उघड होतं. त्याच घरात, त्याच भिंतीवर, एका जागी पोतारा सोलून आतली पावडर उघडी करायची, शेजारी पोतारा तसाच ठेवायचा. दोन्हीकडं त्याच गोठ्यातले डास, तितकाच वेळ. सोललेल्या जागी मेले आणि शेजारी जगले, तर मुकादमानं काम चोख केलं होतं. माझ्याकडं दिवाळीपर्यंतचे दिवस होते. त्यानंतर यादी लागणार होती, आणि बुलढाण्याची थंडी एकदा पडली की डासही मिळणार नव्हते. ज्या आठ घरांवरून मी तक्रार केली होती, तीच घरं घ्यायची, एकही गाळायचं नाही, असं मी ठरवलं.

अडचण एवढीच होती की दिवाळीच्या तोंडावर, नुकत्या पोतारलेल्या भिंती मला खरवडू कोण देणार? पहिल्या घरी, त्या कुडावरून पाहणाऱ्या बायकांतली एक काकू म्हणाली, "त्या दिवशी डास घेऊन आलती, आज विळा घेऊन आली. उद्या काय कुदळ घेऊन येशीन?" दुसऱ्या घरी दारच लावून घेतलं. तिसऱ्या घरी सासू म्हणाली की मी त्या मुकादमाला कामावरून काढलं, आता त्यांनाही कुठं गोवीन. हे मला लागलं, कारण त्यात तथ्य होतं.

संध्याकाळी मी घरी हात हलवत आले. आईनं विचारलं, मी सांगितलं. तिनं विळा घेतला, आणि जिथं घट बसतात त्या देवघराच्या भिंतीपाशी गेली. आमच्या घरातली सर्वांत चांगली पोतारलेली भिंत ती. विळ्याचं टोक तिनं आडवं सरकवलं आणि हळूच उचललं. ताटाएवढा पापुद्रा अख्खा निघाला. "घासू नको," ती म्हणाली. "घासलं का पावडरही जाईन. ते पावडर असल्यावर पोतारा धरत नाही, टोक घातलं का सुटते. म्या तुले तवाच म्हणत होती, भिंत धरून नाही राह्यली."

ती म्हणाली होती. मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई माझ्याबरोबर घरोघर आली. तिनं विज्ञान सांगितलं नाही, मुकादम सांगितला. त्याचं घर, त्याची यादी, माझं पत्र. माझी चूक तिनं आळीत आठ वेळा सांगितली, दर वेळी थोडी मोठी करून. मी मान खाली घालून ऐकलं. शेवटी ती कुडावरची काकूच म्हणाली, "दिवाळीले भिंतीवर पुन्हा हात फिरवाचाच हाय. खरवड, पण मंग पुरी भिंत तुनं पोतारून द्याची. मजूर नाही लावाचा. तुह्या हातानं." मी कबूल म्हटलं. बाकीच्या सात घरांनी तीच अट घातली, फार आनंदानं.

मग काम सुरू झालं. सकाळी गोठ्यात डास. मग आईच्या पद्धतीनं पापुद्रे सोलणं. मग टोप्या. चिकटपट्टी मातीच्या भिंतीला धरेना, म्हणून टोपी अर्धा तास हातानं दाबून धरावी लागायची. मी एकटी दोन हातांनी दोनच धरू शकत होते. दुसऱ्या घरात ती दार लावून घेणारी बाई करंज्यांचं सारण तसंच ठेवून उठली आणि म्हणाली, "दे इकडं एक. इतकं का अवघड हाय?" त्यानंतर बायका आळीपाळीनं टोप्या धरून बसायला लागल्या. अर्धा अर्धा तास, भिंतीशी तोंड करून, गप्पा मारत. दुसऱ्या दिवशी सकाळी पेले मोजताना त्या माझ्याआधी हजर. "आमच्या भिंतीचे मेले का?" "तुह्या भिंतीचे किती मेले वं?" आपल्या भिंतीनं शेजारणीच्या भिंतीपेक्षा जास्त डास मारावेत, अशी चढाओढ लागली.

सोललेल्या जागेवरचे डास पेल्यात पाय वर करून पडलेले असायचे. हातभर बाजूला, पोताऱ्यावरचे, टुणटुणीत. एक घर गेलं, दोन गेली, सात घरांत हेच. आठव्या घरात कुठलेच मेले नाहीत, सोलूनही नाही. मी तिथं तीन जागा सोलल्या. पांढरं कुठंच नव्हतं. शेवटी घरची म्हातारी म्हणाली, "आता कायले भिंत पाडते? म्या त्या लोकाईले आतच नाही येऊ देल्लं. लोणच्याच्या बरण्या होत्या." मी ते तसंच वहीत लिहिलं, बरण्यांसकट.

दुपारनंतर पोतारणं. शेण आणायचं, माती चाळायची, पायानं तुडवायची, फडकं बुडवून भिंतीला ओढायचं. खांदे भरून आले, बोटांच्या टोकांची सालं गेली. काकू ओसरीवर बसून देखरेख करायची. "डॉक्टरीन बाई, लेप देऊन राह्यल्या का भिंतीची पाठ खाजवून राह्यल्या?" पहिली भिंत वाळली तेव्हा तिच्यावर फरांटे उठले. मला ती पुन्हा पोतारायला लावली. ज्या कामातून मी पळाले होते ते मी आठ घरांत केलं, आणि शेवटच्या दोन भिंती मला बऱ्या जमल्या. हे मी आजही अभिमानानं सांगते.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी वही आणि पापुद्रे घेऊन निघाले. पापुद्रे आईनं शेवयांच्या डब्यात, कापसात ठेवून दिले होते. सर सुट्टीवर जायच्या तयारीत होते. त्यांनी भिंग घेतलं, पापुद्र्याची कड पाहिली, थर मोजले. वही पहिल्या पानापासून वाचली. बरण्यांपाशी थांबले, हसले नाहीत. मग म्हणाले, "तक्रार माझ्या सहीनं गेली होती. मागंही माझ्याच सहीनं येईल." त्यांनी सुट्टी पुढं ढकलली आणि कचेरीत स्वतः गेले.

मुकादमाला कामावर परत घेतलं. पण कागद फिरेपर्यंत यादीत त्याच्या जागी दुसरं नाव लागून गेलं होतं, आणि कायम व्हायला त्याला आणखी एक वर्ष थांबावं लागलं. ते वर्ष माझ्यामुळं गेलं. माझा प्रबंध पुढं त्याच पोताऱ्यावर उभा राहिला, मला पदवी मिळाली, लोकांनी शाबासकी दिली. त्या शाबासकीत ते एक वर्ष मला नेहमी टोचत राहिलं.

उपाय तसा साधा होता, पण गळी उतरवायला कठीण. फवारणीची तारीख वरून ठरायची, ती हलत नव्हती. तेव्हा पोतारणं फवारणीच्या आधी करायचं आणि घटाच्या वेळी भिंतीवर डाग राहू द्यायचे. आळीत पुन्हा तोंडं वाकडी झाली. पुढल्या वर्षी पोळा झाला तशी आईनं माती कालवली. मी सुट्टी काढून आले आणि तिच्याबरोबर उभी राहिले. आम्ही दोघींनी घर पोतारलं आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "देवी डाग पाह्यत नाही. ताप नसला म्हणजे झालं." काकूनं आमचं पाहून पोतारलं, आणि काकूचं पाहून बाकीच्यांनी.

मग टोळी आली. तोच मुकादम, तोच रुमाल. मला पाहून तो थांबला नाही. पहिल्या घरापाशी बादली ठेवली, पावडरीची थैली उघडली आणि मापटं माझ्यापुढं धरलं. "तुम्हीच मोजा, बाई."

मी मोजलं. मापटं भरलं, ढीग बोटानं सपाट केला, बादलीत टाकलं. दुसऱ्या घरी पुन्हा त्यानं मापटं पुढं केलं. तिसऱ्या घरीही. त्यानं एकदाही टोमणा मारला नाही, रागानं पाहिलं नाही. संपूर्ण आळी, घर अन् घर, मी पावडर मोजत गेले आणि टोळीतली माणसं उभी राहून बघत होती. माझा हात पांढरा झाला होता. दर घरी मला वाटायचं, आता पुरे म्हणेल. मी स्वतःहून मापटं खाली ठेवायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. त्याला हवं तितकं मोजीन.

आमचं घर शेवटचं. आईनं भांडी, गाद्या सगळं अंगणात काढून ठेवलं होतं. मी सवयीनं हात पुढं केला. मुकादमानं मापटं दिलं नाही. त्यानं स्वतः थैलीत घातलं, भरलं, बोटानं सपाट केलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

"पाहून घ्या, बाई."

"नाही पाहत," मी म्हणाले. "तुम्ही टाका, मुकादम."

मी पाठ फिरवली आणि फवारायला भिंत मोकळी व्हावी म्हणून आतली खुंटी काढायला गेले. बाहेर त्यानं आईला हाक मारून प्यायला पाणी मागितलं.